आभासी रस्ता आणि रांजणगावचा महामार्ग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान होय. पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील या गावाच्या परिसरात पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने येथे २९७.११ एकरांवरील इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन संकुलास मंजुरी दिली. अशा गावातील स्वमग्न मुलाने हा महामार्ग ओलांडावयास कसे शिकावे? तंत्रज्ञान त्याला कितपत साहाय्य करू शकेल, हे समजण्यासाठी दोन इतिहास एकत्र पाहावे लागतात.

मान्यतेचा इतिहास

१९४४ मध्ये मुंबईत वकील दांपत्याने आपल्या जय या कन्येच्या निमित्ताने विशेष शाळा सुरू केली. शिक्षणाची वाट अशी कुटुंबातून निघाली. कायदा मागाहून आला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात मतिमंदत्वाचा समावेश होता, स्वमग्नतेचा नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली, तर २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांत तिला व विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान दिले.

यंत्राचा इतिहास

१९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर धारण करावयाचे दृश्ययंत्र सादर केले. १९९६ मध्ये, म्हणजे भारतात पूर्वोक्त अपंग व्यक्ती कायदा अमलात आला त्याच वर्षी, अमेरिकेत डोरोथी स्ट्रिकलँड व सहकाऱ्यांचा दोन स्वमग्न मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांनी जड शिरस्त्राण स्वीकारले आणि आभासी रस्त्यावरील मोटारी ओळखल्या. अशा रस्त्यावर चूक जिवावर बेतत नाही. गोंगाट व वर्दळ टप्प्याटप्प्याने वाढविता येते, हे त्याचे सामर्थ्य.

मर्यादाही तेथेच आहे. आभासी जगात शिकलेले प्रत्यक्षात उतरेलच असे नाही. शिवाय अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने धावतात. रस्ता ओलांडताना प्रथम कोणीकडे पाहावे, हेच तेथे उलट ठरते. भारतातही या दिशेने कार्य झाले आहे. उत्तमा लाहिरी यांनी गांधीनगरच्या आय.आय.टी.मध्ये स्वमग्न व्यक्तींसाठी आभासी वास्तव प्रणालींवर संशोधन केले, मुंबईच्या आय.आय.टी.तील 'जेलो' हे चित्राधारित संवादसाधन मराठीतही उपलब्ध झाले.

निष्कर्ष

मान्यता आणि यंत्र हे दोन्ही प्रवाह आज एकत्र आले आहेत. तथापि उपकरण परिसरात तयार झाले म्हणून ते तेथील मुलाच्या उपयोगी पडेलच असे नाही. त्या आभासी रस्त्यावर मालमोटारी, एस.टी., चतुर्थीची गर्दी आणि मुलाच्या घरची भाषा असली पाहिजे. आणि अखेरीस शिरस्त्राण उतरवून, मुलाचा हात धरून खऱ्या महामार्गापर्यंत जाणारा शिक्षक वा पालकही हवाच.