आयोवा काउंटीतील वस्तीरचना : अमानाच्या घरांचा पुरावा

अमेरिकेच्या मध्यपश्चिम प्रदेशातील ग्रामीण वस्तीचा विचार करताना १७८५ च्या भूमी-अध्यादेशाचा उल्लेख प्रथम येतो, आणि तो यथार्थच आहे. सहा मैल बाजूचे चौरस आखून त्यांचे प्रत्येकी ६४० एकरांचे ३६ खंड पाडण्याची पद्धती या अध्यादेशाने घालून दिली. खंडाचा चतुर्थांश, म्हणजे १६० एकर, हे शेताचे रूढ माप झाले व शेतकरी आपल्याच शेतात घर बांधून राहू लागला. गावठाण आणि शिवार हा आपल्या परिचयाचा भेद तेथे उरला नाही. परंतु विखुरलेली वस्ती ही या मोजणीचीच अपरिहार्य निष्पत्ती होय, असे जे गृहीत धरले जाते, ते आयोवा राज्यातील आयोवा काउंटीच्या पुराव्यापुढे टिकत नाही.

बफलोनजीकची वसाहत सोडून एका जर्मन धर्मपंथाचे लोक १८५५ पासून येथे आले. त्यांनी सुमारे २६,००० एकर जमीन संपादन केली. जमिनीची मोजणी त्याच चौकटींनी झालेली होती. तरीही त्यांनी आयोवा नदीच्या खोऱ्यात सहा गावे वसविली. सातवे, होमस्टेड, हे १८६१ साली लोहमार्गाच्या सोयीसाठी विकत घेतले. गोठे व कोठारे गावाच्या कडेस आणि शेते त्यापलीकडे, अशी ही रचना होती. जमीन समाईक असल्यामुळे शेतात राहण्याचे कोणालाच प्रयोजन नव्हते.

घरे वीट, वालुकाश्म वा न रंगविलेल्या लाकडाची असत. भिंतींवर द्राक्षवेलींचे मांडव चढविलेले असत. प्रार्थनामंदिरालाही शिखर नसे. मात्र सर्वांत बोलका पुरावा एका अभावाचा आहे : राहत्या घरांत स्वयंपाकघरच नव्हते. अनेक कुटुंबांचे अन्न सामाईक पाकगृहात शिजे. अशी पाकगृहे पन्नासाहून अधिक होती.

१९३२ साली समाईक जीवनपद्धती संपुष्टात आली. घरे सभासदांच्या खासगी मालकीची झाली, आणि प्रत्येकात चूल आली. शेतजमीन मात्र वाटली गेली नाही. ती नव्या भागभांडवली संस्थेकडे अखंड राहिली. म्हणूनच घराचे अंतरंग पालटले, तरी गावाची बाह्याकृती कायम राहिली. या दोन घटनांची गती भिन्न असणे, हेच प्रस्तुत लेखकास वस्तीरचनेचे मूळ मोजणीत नसून भूस्वामित्वात असल्याचे प्रमाण वाटते. १९६५ साली या गावांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. मिडल अमाना येथे एक सामाईक पाकगृह आजही जतन केलेले आहे.