वेठींतून सुटलेल्यांची भरपाई

कोलाडच्या आसमंतांतील कातकरी कुटुंबें भातकापणी संपतांच वीटभट्टीची किंवा कोळशाच्या भट्टीची वाट धरीत आलीं आहेत. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतां घेतलेली उचल हंगामाच्या अखेरीसहि फिटत नसे, आणि हिशेबाची वही तर मालकाच्याच हातीं! मग पुढील वर्षाचे श्रम, बायकामुलांसह, आधींच विकले जात. माणसाच्या क्रयविक्रयाचा हाच येथला प्रकार.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें हें ऋण एका कलमासरशीं नष्ट केलें. मालकानें दिलेल्या निवाऱ्यांतून मुक्त मजुरास हुसकावूं नये, असेंहि बजाविलें. १९७८ मध्यें पुनर्वसनास माणशीं ४,००० रुपये ठरले. पुनर्वसनावांचून मुक्तता व्यर्थ होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें १९८४ मध्यें नीरजा चौधरी खटल्यांत दिला. २०१६ च्या योजनेंत पुरुषास १ लाख, स्त्रियांस व बालकांस २ लाख आणि अनीतिव्यापारासाठीं विकल्या गेलेल्यांस ३ लाख रुपये ठरविण्यांत आले.

रक्कम थोडी नव्हे. परंतु ती मिळण्यास मुक्ततेचा सरकारी दाखला लागतो. आणि अधिकाऱ्यानें उचलीला केवळ आगाऊ मजुरी मानलें, तर दाखलाच मिळत नाहीं. तोंवर पुन्हां पावसाळा येतो, आणि मुकादम नवी उचल घेऊन वाडींत हजर होतो.