लांकडांतील छिद्रें व त्यांचें पूरण

लांकडाची गांठ गळून पडली म्हणजे उरलेलें भोंक रंगीत राळेनें भरून फळी सारखी करण्याची चाल हल्लीं घरांच्या लांकडी जमिनींत बरीच रूढ झाली आहे. जुन्या पेट्या, देव्हारे व पोथ्यांच्या फळ्या यांवरही ती चालविण्याचा मोह संग्राहकांस होणें स्वाभाविक आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत (इ. स. सहावें शतक) या विषयाशीं संबद्ध अशीं दोन प्रकरणें आहेत. तीं जोडून वाचल्यास ही युक्ति आपल्या पूर्वजांसही ठाऊक होती, असें म्हणणें सोपें आहे. परंतु ग्रंथ तसें म्हणत नाहीं.

पहिलें प्रकरण शय्या व आसनें यांचें. त्यांत लांकडांतील छिद्रांचे सहा प्रकार दिले आहेत. निष्कुट तें घटाप्रमाणें आंत पोकळ व तोंडाशीं अरुंद. गळलेल्या गांठीचें भोंक ज्यानें बोटानें चांचपून पाहिलें आहे, त्यास या वर्णनाचा नेमकेपणा सांगावयास नको. कोलाक्ष हें पावट्या-उडदाएवढें व निळसर. (कोल शब्दाचे बोर व डुक्कर असे दोन्ही अर्थ आहेत, पुढें लगेच सूकरनयन येत असल्यामुळें येथें बोर घेणें मला बरें वाटतें.) सूकरनयन वेडेंवांकडें, विवर्ण व दीड पेर लांब, वत्सनाभ डावीकडे वळलेलें व एक पेर लांब, कालक काळें, धुंधुक फुटलेलें. निष्कुटाचें फळ द्रव्यक्षय, कोलाक्षाचें कुलनाश, असा पुढें क्रम आहे. फलें ज्योतिष्याचीं असलीं तरी निरीक्षण सुताराचें आहे, यांत शंका नाहीं.

ग्रंथकार म्हणतो कीं, छिद्र लांकडाच्याच रंगाचें असल्यास तें तितकें पापकारक नव्हे. सर्व वाद याच ठिकाणीं आहे. 'सवर्ण' हें विशेषण पाहणाऱ्यास आढळणाऱ्या स्थितीचें आहे. भरण्याच्या अर्थाचें क्रियापद तेथें नाहीं. रंग बदलला नाहीं म्हणजे आंत कूज शिरली नाहीं, असा व्यावहारिक आशय मला दिसतो. परीक्षकासाठीं लिहिलेल्या प्रकरणांत त्याचीच दृष्टि चुकविण्याची सूचना कशी असेल?

दुसरें प्रकरण वज्रलेपाचें. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कंवठ, सांवरीचीं फुलें इत्यादि द्रव्यें एक द्रोण पाण्यांत अष्टमांश उरेपर्यंत आटवावीं. मग त्यांत गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल वगैरे घालून लेप तापवून लावावा. दुसऱ्या पाठांत लाख व मंजिष्ठाही आहेत. पण मंजिष्ठा रंगासाठीं घातली, असें सांगितलेलें नाहीं. लेप लावण्याचीं स्थानें प्रासाद, हर्म्य, वलभी, लिंग, प्रतिमा, भिंती व विहिरी. वलभी किंवा प्रतिमा लांकडी असूं शकेल हें खरें. परंतु छिद्रांचें नांव नाहीं. आयुष्य मात्र सहस्रायुत, म्हणजे एक कोटि वर्षें!

नेमकें हेंच टिकाऊपण संग्राहकास नको असतें. दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारांत आलेल्या एपॉक्सी राळेंत दोन द्रव्यांचा संयोग होऊन ती एकदां घट्ट झाली कीं उष्णतेनें पुन्हा पातळ होत नाहीं. ती काढावयाची तर भोंवतालचें लांकूड खरवडावें लागतें. नव्या जमिनीस हें चालेल. लाख उष्णतेनें मऊ होते व मद्यार्कांत विरघळते. फार जुनी झालेली लाख मद्यार्कास सहजीं दाद देत नाहीं, एवढाच अपवाद. हिंगूळ, हरताळ अथवा काजळ मिसळून ती हवी तशी रंगवितां येते; सावंतवाडीच्या रंगीत लांकूडकामांत लाखेचा हा उपयोग प्रसिद्धच आहे.

पोथींतील चुकलेल्या अक्षरावर लेखक हरताळ फासतो. ती दिसते, आणि कोठें दुरुस्ती झाली हें पुढच्या वाचकास कळतें. फळीवरील भोंकही तसेंच कळावें. गांठींच्या मांडणीवरून सुटलेल्या दोन फळ्या एकाच पोथीच्या आहेत कीं नाहींत हें कित्येकदां ठरवितां येतें; तो पुरावा झांकूं नये. भरण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, भरावयाचेंच तर लाखेनें भरावें, आणि तिचा रंग मूळ लांकडाहून किंचित् फिकट ठेवावा.