ध्वनिक्षेपक परवाना (रात्रीच्या मैफलींचा)

भारतात 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर तो रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवावा लागतो. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून फार तर 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. पूर्वी रात्रभर रंगणाऱ्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही त्यामुळे घड्याळ पाहावे लागले. उत्तररात्रीचे राग मागे पडले, ही रसिकांची तक्रार रास्तच. पण घड्याळ सोडून नुसते डेसिबल मोजा, हा त्यांचा उपाय टिकत नाही. निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल असली, तरी मैदानाच्या हद्दीवर आणखी 10 डेसिबल नियमच चालवून घेतो. शिवाय नेहमीच्या ‘ए’ मापनात बेसची धडधड कमी भरते, आणि बंद खिडकीतून आत शिरते ती नेमकी तीच.