हराम, औषध आणि तीन प्रश्न : प्रस्तावना

औषधाची कॅप्सूल हातात घेऊन पाहा. आतली पूड कशाचीही असो, बाहेरचं चकचकीत कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं; आणि जिलेटिन गाईचं, माशाचं किंवा डुकराचंही असू शकतं. मुसलमान रुग्णाने ते गिळावं का? इस्लामी धर्मशास्त्राचं, म्हणजे फिक्हचं, एक समृद्ध दालन याच प्रश्नाने उघडतं. हलाल-हरामची तयार यादी मागायला आलेल्या वाचकाच्या हाती इथे आधी तीन प्रश्न पडतात.

पहिला : मूळ पदार्थ आता तोच उरला आहे का? मिठाच्या खाणीत पडलेल्या गाढवाचं कालांतराने मीठ झालं, तर ते मीठच, असं हनफी पंथात मान्य झालेलं मत. या रूपांतराला ‘इस्तिहाला’ म्हणतात. शाफिई पंथ इथे हात आखडता घेतो : दारूचा आपोआप सिरका झाला तर चालेल, त्यात काही घालून केला तर नाही. कोकणी मुसलमान परंपरेने शाफिई, तर घाटावरचे बहुतेक हनफी. त्यामुळे एकाच कॅप्सूलबद्दल मुंबईतल्या एकाच चाळीत दोन उत्तरं मिळाली, तरी दोन्ही शास्त्राला धरूनच असतील.

दुसरा : गरज किती? कुराणातल्या दुसऱ्या सूरेची 173वी आयत मेलेलं जनावर, रक्त आणि डुकराचं मांस निषिद्ध ठरवते आणि तिथेच नाइलाज झालेल्याला दोषमुक्तही करते. मात्र सवलत गरजेपुरतीच. दारूला औषध मानायला हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनांची परंपरा, साफ नकार देते. पण लढाईत नाक गमावलेल्या अरफजा या प्रेषितांच्या सहकाऱ्याच्या चांदीच्या नाकाला दुर्गंधी सुटली, तेव्हा पुरुषांना वर्ज्य असलेलं सोनं त्याला वापरू दिलं गेलं.

तिसरा : दुसरा इलाज आहे का? याचं उत्तर फतवा देणाऱ्या मुफ्तीला एकट्याने देता येत नाही, डॉक्टरला विचारावंच लागतं. 2018 मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेला लस, डुकरापासूनच्या घटकामुळे, हराम ठरवली आणि त्याच फतव्यात ती टोचायला मुभा दिली. हलाल लस मिळेपर्यंतच ही मुभा, असंही बजावलं. डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्शुलिनबाबत पर्याय मिळण्याची अशी वेळ येऊनही गेली : 1982 मध्ये जनुकीय तंत्राने बनवलेलं मानवी इन्शुलिन बाजारात आलं आणि जुन्या सवलतीचा आधारच कमी होत गेला.

औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते; या शास्त्रात सवलतीलाही मुदत असते. पुढच्या पानांवर भेटणाऱ्या प्रत्येक फतव्याची तारीख म्हणूनच आधी पाहावी.