टोपलीतला नाग जेवत का नव्हता?

तर मंडळी, नाग दूध पितो ही समजूत टिकली कशी, ते सांगतो. सापाचं खाणं म्हणजे उंदीर, बेडूक. दूध त्याला पचतच नाही. पण नागपंचमीआधी गारुडी त्याला कितीतरी दिवस पाण्याविना ठेवायचे. दात उपटलेले, कधीकधी तोंडही शिवलेलं. अशा तहानेला जे ओलं मिळेल ते चालतं. त्यात साप थंड रक्ताचा, अन्नाशिवाय अनेक आठवडे तग धरतो. म्हणून तर हा धंदा चालला! गारुड्याला नावं ठेवणं सोपंय, पण वाटीभर दूध आणि नाणं आपल्याच घरातून जायचं, हे मला जास्त खटकतं.

1972 च्या वन्यजीव कायद्याने नाग पकडणं, बाळगणं गुन्हा ठरलं. टोपल्या लगेच थांबल्या नाहीत. बत्तीस शिराळ्याच्या नागांचं प्रकरण थेट मुंबई उच्च न्यायालयात गेलं.

टोपलीतून सुटलेल्या नागापुढे उंदीर ठेवला तरी तो तोंड फिरवतो, कारण जबड्यातली जखम चिघळलेली असते. त्याला आधी पाणी लागतं, मग जखमेवर उपचार. खाणं त्यानंतर.