पिंगुळीच्या पोथीपासून परदेशी कॉमिकपर्यंत : चित्रकथेतील गुरू, शिष्य आणि वर्णभेद

मुलाच्या हातात चित्रांचे पुस्तक दिसले की आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते. अभ्यास टाकून हे काय वाचतोस, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. प्रश्न वडीलधाऱ्यांच्या काळजीपोटीच येतो, यात शंका नाही. परंतु एक गोष्ट आपण विसरतो. मूल वाचायला शिकण्याआधी पाहायला शिकते. शूर कोण, दुष्ट कोण, देखणा कोण आणि हसण्याजोगा कोण, हे त्याच्या मनावर आधी चित्र कोरते. पाठ्यपुस्तक मागाहून येते. म्हणूनच चित्रकथेचा इतिहास हा पोरखेळ समजून बाजूला सारण्याचा विषय नव्हे. शिक्षणाचे काम अंगावर घेतलेल्या संस्थेच्या स्मरणिकेत तर त्याला हक्काची जागा आहे.

या इतिहासाला तीन प्रश्न विचारावयाचे आहेत. चित्र कोणी काढले? त्याला हात धरून कोणी शिकवले? आणि त्या चित्रात काळ्या रंगाच्या माणसाला कोठे बसवले? उत्तरे शोधताना पुष्कळ दूर जावे लागेल. पण सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करता येते.

पिंगुळीचे चित्रकथी

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर आदिवासी समाजाची वस्ती आहे. 'चित्रकथा' हा शब्द आज आपण छापील पुस्तकाला लावतो. पण पिंगुळीचे चित्रकथी छापखाना येण्याच्या कितीतरी आधीपासून चित्रांतून कथा सांगत आले. रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे कागदावर रंगवावयाची, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवावयाची आणि त्या सुट्या पानांचा गठ्ठा म्हणजे एक 'पोथी'. देवळात रात्री श्रोते जमले की वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीवर गात गात एकेक पान पुढे करावयाचे. चौकटीमागून चौकट येऊन कथा पुढे सरकते, ती हीच रीत. सावंतवाडी संस्थानचा या कलेला आश्रय होता. याच समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही जतन केला.

येथे शाळा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. मुलगा बापाच्या मागे बसून टाळ धरी, मग सूर धरी, शेवटी कुंचला धरी. उस्ताद आणि शागीर्द एकाच घरात राहत. पण या विद्येला समाजात मान किती होता? देवळाच्या आवारात कथा ऐकावयाची, चार पैसे किंवा पसाभर धान्य द्यावयाचे आणि सांगणाऱ्याला मागते समजून वाटेला लावावयाचे, अशीच पुष्कळांची वागणूक होती. या शैलीची जुनी चित्रे पैठणला मिळाली, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पोहोचली, आणि जाणकारांच्या जगात 'पैठण शैली' म्हणून ओळखली जाऊ लागली. चित्रांना संग्रहालयात जागा मिळाली; ती कला ज्या समाजाने जगवली, त्याचे नाव मात्र मागे राहिले.

हे चित्र पालटले ते त्याच समाजातील माणसांच्या चिकाटीने. परशुराम विश्राम गंगावणे यांनी आपल्या घरचा गुरांचा गोठा साफ करून 2006 साली तेथे 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभे केले. पुढच्या पिढीला त्यांनी हाताशी धरून शिकवले. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्यातून सुरू झालेली ही वाट राष्ट्रपती भवनापर्यंत गेली, याचा जिल्ह्याला अभिमान वाटलाच पाहिजे. मात्र हा मान पोहोचायला किती पिढ्या लागल्या, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मलिक अंबरचे मस्तक

आता दरबारातील एक चित्र पाहू. मलिक अंबर हा हबशी गुलाम. बाजारात विकला गेला, हाती-हाती फिरत दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही मूळचा हबशीच. त्याच्या पदरी अंबर राज्यकारभार आणि युद्धशास्त्र शिकला. गुलामीची वाट चालून वर गेलेल्या एकाने दुसऱ्याला घडवले, असे हे उदाहरण. पुढे याच अंबरने निजामशाही सावरली, 1610 च्या सुमारास खडकी शहर वसवले आणि मोगली फौजांना वर्षानुवर्षे हैराण केले.

बादशहा जहांगीर त्याला जिंकू शकला नाही. मग जे रणात जमले नाही ते कागदावर करविण्यात आले. 1616 च्या सुमारास अबुल हसन या अव्वल चित्रकाराने एक चित्र रंगवले. त्यात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्याच्या टोकाला लावलेल्या अंबरच्या काळ्या मस्तकावर बाण सोडतो आहे. मस्तकाशेजारी घुबडही काढले आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात असे काही घडलेच नाही. मलिक अंबर 1626 साली, अजिंक्य राहूनच, नैसर्गिक मृत्यूने गेला. बादशहाने आपल्या आठवणींतही त्याचा उल्लेख काळ्या तोंडाचा म्हणून केला आहे.

वाचकहो, दोघेही मुसलमान होते. काळ्यावर गोऱ्याला आणि बिगर-अरबावर अरबाला श्रेष्ठत्व नाही, ही शिकवण आपण आखरी हजच्या खुतब्यातली म्हणून ऐकतो. हजरत बिलाल यांचे नाव आपण आदराने घेतो. तरीही दरबारी चित्रात रंगाचा डंख उतरलाच. तेव्हा वर्णभेद हा केवळ गोऱ्या साहेबांचा दुर्गुण, असे म्हणून आपल्याला सुटका करून घेता येणार नाही.

वेताळ आमचा आणि त्यांचा

वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा सगळ्या कोकणाला माहीत आहे. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो, अशी भाविकांची श्रद्धा. म्हणून त्याला चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात. 1964 च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले आणि पुढे मराठी आवृत्तीतून आणखी एक 'वेताळ' आपल्या मुलांच्या भेटीला आला. हा मूळचा अमेरिकन. ली फॉक यांनी 1936 साली निर्माण केलेला 'फँटम'.

मुलांना तो अतिशय आवडला. परंतु या कथेची मांडणी तपासून पाहा. घनदाट जंगल, त्यात राहणारे काळे लोक, आणि त्यांचे रक्षण करणारा पिढ्यान्‌पिढ्यांचा एक गोरा पुरुष. काळ्यांना वाटते की तो अमर आहे. खरे काय ते गोऱ्यालाच ठाऊक. त्या ठेंगण्या वनवासी जमातीचे नाव 'बांदार'. आपल्या कानाला त्याचा अर्थ काय लागतो, हे सांगावयास नको. मूळ कथेत समुद्री चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग' होते आणि कथा घडे तो देश 'बेंगाली'. मुंबईच्या संपादकांनी टोळीचे 'सिंगा' केले, देशाचे 'डेंकाली' केले, 'रामा' नावाच्या खुन्याचा 'रामालू' झाला. आपल्या लोकांचा अवमान त्यांच्या ध्यानी आला व त्यांनी तो पुसला. आफ्रिकेतल्या माणसाचा अवमान मात्र जसाच्या तसा छापला गेला. ज्याला लागते त्यालाच कळते, हेच खरे.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की ली फॉक काळाबरोबर बदलले. पुढच्या कथांत त्या देशाचा अध्यक्ष डॉ. लुआगा हा सुशिक्षित काळा गृहस्थ झाला. जादूगार मँड्रेकचा सोबती लोथार आरंभी बिबट्याचे कातडे नेसून मोडकेतोडके बोलत असे. साठीच्या दशकात तो नीट कपडे घालून नीट बोलू लागला.

अमेरिकेतील झगडा

ज्या देशातून ही पुस्तके आली, तेथील काळ्या चित्रकारांची कथा आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. फिलाडेल्फियाचे पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी 1947 साली 'ऑल-निग्रो कॉमिक्स' काढले. लेखक काळे, चित्रकार काळे, नायकही काळे. किंमत पंधरा सेंट. एकच अंक निघाला. दुसऱ्या अंकासाठी कागद विकायलाच व्यापारी तयार होईनात. लेखणी मोडावयाची नसेल तर कागद अडवावा, ही युक्ती जगभर सारखीच आहे.

1956 साली 'जजमेंट डे' नावाच्या चित्रकथेवरून वाद झाला. एक अंतराळवीर एका ग्रहाची पाहणी करतो. तेथील नारिंगी यंत्रमानव निळ्या यंत्रमानवांना हीन वागवतात, म्हणून तो त्या ग्रहाला नापास करतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो, तेव्हा कळते की तो काळा माणूस आहे. कॉमिक्सवर नजर ठेवणाऱ्या मंडळाच्या अधिकाऱ्याने त्याला काळा दाखवण्यास हरकत घेतली. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी ती मानली नाही आणि कथा होती तशीच छापली.

गुरूने हात दिल्याचे उदाहरणही याच देशातले. कॅलिफोर्नियाचे काळे व्यंगचित्रकार मॉरी टर्नर यांनी चार्ल्स शुल्झ यांच्याजवळ विषय काढला, की हास्यचित्रांच्या मालिकांत काळी मुले का दिसत नाहीत? 'पीनट्स' मालिकेचे जनक शुल्झ यांनी उत्तर दिले, की मग तुम्हीच काढा ना. टर्नर यांनी 1965 साली 'वी पॅल्स' सुरू केली. त्यात सर्व वर्णांची मुले एकत्र खेळत. आरंभी मोजक्याच वृत्तपत्रांनी ती घेतली. 1968 च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्यानंतर मागणी वाढून वृत्तपत्रांची संख्या शंभरावर गेली. आपले यश अशा दुःखातून यावे, याची टर्नर यांना खंत वाटे.

त्याच एप्रिलमध्ये हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने शुल्झ यांना पत्र लिहिले, की तुमच्या मालिकेत एक काळे मूल आणा. शुल्झ कचरले, आपण उपकार केल्यासारखे दिसेल अशी त्यांना भीती होती. बाईंनी पाठ सोडली नाही. 31 जुलै 1968 रोजी समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राऊनला फ्रँकलिन हा काळा मुलगा भेटला. पुढे दोन्ही वर्णांची मुले एका वर्गात दाखवल्याबद्दल दक्षिणेकडील एका संपादकाची तक्रार आली. शुल्झ यांनी तिला उत्तरच दिले नाही. मात्र याच मालिकेवरील 1973 च्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला फ्रँकलिन एकटाच, असे दृश्य आले आणि त्यावर पुढे टीका झाली. सद्‌भावनेच्या माणसाच्या हातूनही पंगत वेगळी पडते. पंगतभेद म्हणजे काय, हे आपल्या मुलखाला समजावून सांगावे लागत नाही.

मुंबईचे दालन

1967 साली अनंत पै यांनी इंडिया बुक हाऊसतर्फे 'अमर चित्रकथा' सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांनी तिला रूप दिले. या मालेने मुलांना आपल्या देशाच्या कथा दिल्या, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण देव व राजपुत्र गोरे आणि राक्षस काळे व बेढब, ही रीत तिच्या कितीतरी अंकांत आहे, आणि पुष्कळ ठिकाणी मुसलमान माणूस आक्रमकाच्या वेषातच येतो. त्याच मालेत अकबर, नूरजहाँ, सुलताना रझिया, चांदबिबी आणि कबीर यांचेही अंक निघाले, 1979 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंक निघाला, आणि गाजलेला 'मीराबाई' हा अंक युसुफ लिएन या मुसलमान चित्रकाराने रंगवला. दोन्ही बाजू मुलांना दाखवाव्यात.

आबिद सुरती यांचे नाव येथे विशेष घ्यावयाचे. 1935 साली गुजरातेत जन्म, बालपण मुंबईच्या डोंगरीत, गरिबीत. त्यांनीच सांगितलेली हकीकत अशी की महायुद्धाच्या काळात गोऱ्या शिपायांच्या गाडीमागे मुले खाऊसाठी धावत. एकदा गाडीतून कॉमिक फेकले गेले. मुलांच्या झोंबाझोंबीत आबिदच्या हाती एकच पान आले. ते पाहून पाहून हा मुलगा चित्रे काढू लागला. पुढे त्यांनी जे. जे. कलाशाळेतून 1954 साली पदविका घेतली. 'धर्मयुग'मधील त्यांचे 'डब्बूजी' घरोघरी पोहोचले. आणि 1976 साली, ज्या इंद्रजालमध्ये गोऱ्या वेताळाचे राज्य होते, तेथेच त्यांनी गोविंद ब्राह्मणिया यांच्या चित्रांसह 'बहादूर' आणला. कुडता घालणारा, चंबळच्या खोऱ्यातला, दरोडेखोराचा मुलगा. ज्या पोलीस अधिकाऱ्यावर सूड घ्यावयाचा, तोच त्याला सन्मार्गाला लावतो. नायक होण्यासाठी गोरे असावे लागत नाही, ही गोष्ट मुंबईच्या एका मुसलमान चित्रकाराने भारतातील मुलांना दाखवून दिली.

आपले कर्तव्य

चित्रे काढण्याविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत. तो आलिमांचा प्रांत. त्यात येथे शिरावयाचे नाही. ज्याला सजीवांची चित्रे नकोत त्याला खुशनवीसी आहे, नक्षीकाम आहे, नकाशे व इमारतींचे रेखाटन आहे. मुद्दा हात ओळखण्याचा आहे. मालवणपासून देवगडपर्यंत होडी, माड आणि जाळी वहीच्या मागच्या पानावर काढणारी मुले आपल्या शाळांत आहेत. त्यांना रागावण्याआधी ते पान नीट पाहावे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना त्यांना बसवावे, मुलींनाही बसवावे. वर्षातून एकदा पिंगुळीला सहल न्यावी आणि तेथील कलावंताला 'गुरुजी' म्हणून हाक मारावी. वाचनालयात चित्रकथा ठेवाव्यात आणि त्या वाचून झाल्यावर मुलांना विचारावे, यात दुष्ट कोणाला ठरवले, आणि त्याचा रंग कोणता?

इव्हान्सला कागद मिळाला नाही, टर्नरला मित्राचा शब्द मिळाला, आबिदला गाडीतून पडलेले एक पान मिळाले. आपल्या मुलांच्या वाट्याला काय यावे, हे काही अंशी तरी या संस्थेच्या आणि तुमच्या हातात आहे. संस्थेचे शिक्षक, पालक आणि देणगीदार यांनी या गोष्टीचा विचार करावा, एवढीच विनंती.